बाकी सगळं चालतं

जून २०१२मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या एका कार्यक्रमात लिनस टोरवाल्ड्सने कॅमेऱ्याकडे वळून एनव्हिडिया कंपनीला मधलं बोट दाखवलं. ते चित्र तुमच्याही फोनवर कधी ना कधी येऊन गेलं असेल. बोट जगप्रसिद्ध झालं; ते ज्या प्रश्नाच्या उत्तरात उठलं तो प्रश्न मात्र फारसा कुणाच्या लक्षात नाही. श्रोत्यांतून आलेला तो प्रश्न साधा, ग्राहकाचा होता. एनव्हिडियाचं ‘ऑप्टिमस’ असलेला लॅपटॉप लिनक्सवर धड चालत नाही आणि कंपनी मदत करत नाही, यावर तुमचं काय म्हणणं आहे?

बोटापेक्षा मला तो प्रश्न मोलाचा वाटतो, कारण तो आजही विचारला जातो. चिप बदलते, कंपनी बदलते, प्रश्न तोच राहतो: ‘यावर लिनक्स चालतं का?’ उत्तरही बहुतेक वेळा एकाच साच्यातलं असतं. ‘हो, चालतं की! फक्त बोटाचा ठसा ओळखत नाही. आणि झोपेतून उठवताना कधीकधी पडदा काळा राहतो. बाकी सगळं चालतं.’ फोनवर कस्टम रॉम टाकून पाहिलेल्यांना हा सूर लगेच ओळखू येईल. कॅमेरा अंधूक, ब्लूटूथ लहरी, बँकेचं ॲप रुसलेलं. पण रॉम एकदम मस्त.

मराठीत ‘चालतं’ हा शब्द भलताच लवचिक आहे. घड्याळ चालतं म्हणजे ते काम करतं. चहात साखर कमी असली तरी चालतं, म्हणजे आपण तक्रार करत नाही एवढंच. कोल्हापुरी ‘चालतंय की’मध्ये संमती, बेफिकिरी आणि थोडा दिलदारपणा एकत्र असतो. ‘चालवून घेणं’ ही तर आपली जुनी सवयच. लॅपटॉपच्या बाबतीत होतं असं, की विकणारा पहिल्या अर्थाने ‘चालतं’ म्हणतो आणि घेणाऱ्याच्या पदरात दुसऱ्या अर्थाचं ‘चालतं’ पडतं. माझा आक्षेप या अदलाबदलीला आहे. ती सगळ्यांत ठळक दिसते मोबाइल वर्कस्टेशन नावाच्या महागड्या जातीत, कारण तिथे ‘चालतं’ हा शब्द चक्क प्रमाणपत्रावर लिहून मिळतो.

मोबाइल वर्कस्टेशन म्हणजे इंजिनिअर, आर्किटेक्ट, ॲनिमेशनवाले अशांसाठी बनवलेला जाडजूड लॅपटॉप. लेनोवोची थिंकपॅड पी मालिका, डेलचं प्रिसिजन, एचपीचं झेडबुक ही त्यातली मोठी घराणी. २०१५मध्ये आलेल्या थिंकपॅड पी५०मध्ये सर्व्हरच्या घराण्यातला झिऑन प्रोसेसर आणि स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी घेता येत होती, ६४ जीबीपर्यंत. त्याआधी २००८च्या डब्ल्यू७००मध्ये तर हाताखाली वॅकॉमच्या पेनने रेखाटायची पाटी आणि पडद्याचे रंग मोजणारा सेन्सर बसवून मिळत असे. याला मांडीवरचा संगणक म्हणणाऱ्याची मांडी भक्कम असली पाहिजे.

अशा यंत्राच्या किमतीतला एक हिस्सा विश्वासाचा असतो. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या त्याला प्रमाणपत्र देतात: हे मॉडेल, हे ग्राफिक्स कार्ड, ड्रायव्हरची ही आवृत्ती, यावर आमचं सॉफ्टवेअर तपासलेलं आहे. पुलाचं डिझाइन करणाऱ्याला ऐन वेळी पडद्यावर रेषा गायब झालेल्या परवडत नाहीत. गंमत अशी, की ज्या नावांसाठी ही यंत्रं मुख्यतः विकली जातात त्यांतली ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स लिनक्सवर येतच नाहीत. माया, हुडिनी, ब्लेंडर येतात. पण लिनक्सवाला हे यंत्र बहुधा वेगळ्याच कारणासाठी घेतो. मेमरीचे जास्त खाचे, उघडून दुरुस्त करता येणारी बॉडी, चांगला कीबोर्ड, आणि हल्ली मशीन लर्निंगसाठी एनव्हिडियाची चिप. म्हणजे पहिलं प्रमाणपत्र त्याच्या उपयोगाचं नाही. त्याला दुसरं हवं असतं, लिनक्सचं.

ते दुसरं प्रमाणपत्र वाचण्याआधी एका जुन्या यंत्राकडे जाऊ. २०११चा थिंकपॅड डब्ल्यू५२०. जुन्या सात ओळींच्या कीबोर्डचा हा शेवटचा डब्ल्यू. पुढच्या वर्षीच्या डब्ल्यू५३०पासून सुट्या, चपट्या बटणांचा कीबोर्ड आला. सोबत १७० वॉटचा चार्जर, जो दप्तरात ठेवला की वीट ठेवल्यासारखं वाटतं. चार मेमरी-खाचे, ३२ जीबीपर्यंत सोय. आणि आत दोन ग्राफिक्स चिप: एक इंटेलची, प्रोसेसरमध्येच असलेली, कमी वीज खाणारी, दुसरी एनव्हिडियाची क्वाड्रो, ताकदवान आणि भुकेली.

ऑप्टिमस ही २०१०मधली एनव्हिडियाची युक्ती म्हणजे या दोघींचा संसार. साधं काम इंटेल करते, जड काम आलं की एनव्हिडियाला जाग येते, ती चित्र बनवून इंटेलच्या हातात देते आणि इंटेल ते पडद्यावर मांडते. विंडोजवर हे सगळं आपोआप होतं. लिनक्सवर २०११मध्ये यातलं काहीच होत नव्हतं, कारण इंटेलचा ड्रायव्हर उघडा होता, एनव्हिडियाचा बंद होता, आणि एका चिपने बनवलेलं चित्र दुसरीकडे कसं सोपवायचं याची दोघांमध्ये बोलणी झालेली नव्हती.

डब्ल्यू५२०च्या बायोसमध्ये तीन पर्याय होते: फक्त इंटेल, फक्त एनव्हिडिया, किंवा ऑप्टिमस. विकत घेणाऱ्याला वाटेल, आपण ‘फक्त इंटेल’ निवडू आणि सुखाने राहू. इथे यंत्राच्या आतल्या तारा आडव्या येतात. बाहेरच्या मॉनिटरकडे जाणारे मार्ग एनव्हिडियाच्या चिपमधून काढलेले होते. इंटेल निवडलं की बॅटरी टिकते, पण प्रोजेक्टर लागत नाही. एनव्हिडिया निवडलं की प्रोजेक्टर लागतो, पण बॅटरी बघता बघता उतरते. शिवाय व्हर्च्युअलायझेशनचे पर्याय चालू असले तर लिनक्स सुरू होतानाच गोठायचं. मग कर्नलला सुरुवातीलाच ‘नो-एक्स-टू-एपिक’ असा एक शब्द द्यावा लागे. तो शब्द माहीत असलेल्याच्या लेखी डब्ल्यू५२० ‘व्यवस्थित चालणारं’ यंत्र होतं. माहीत नसलेल्याच्या लेखी तो १७० वॉटचा पेपरवेट होता.

ऑप्टिमसवर लिनक्सच्या जगाने काढलेला पहिला लोकप्रिय तोडगा म्हणजे बंबलबी. तो पडद्याआड दुसरा अदृश्य पडदा उभा करायचा, एनव्हिडियाला तिथे चित्र काढायला लावायचा आणि ते चित्र उचलून खऱ्या पडद्यावर आणायचा. जुगाडच होता, पण बुद्धिमान जुगाड. त्याच्या इन्स्टॉल करण्याच्या स्क्रिप्टमध्ये २०११ साली एक चूक शिरली. एका फाइलचा पत्ता पुसायच्या आज्ञेत ‘/यूएसआर’नंतर चुकून एक मोकळी जागा पडली. संगणकाने ती आज्ञा शब्दशः पाळली आणि संपूर्ण यूएसआर फोल्डर, म्हणजे सिस्टिमचा बहुतांश भाग, पुसून टाकला. या घटनेवर खूप विनोद झाले. माझ्या मते तिच्याकडे विनोदापेक्षा हिशोबाच्या नजरेने पाहायला हवं. हजारो रुपयांचं हार्डवेअर विकणाऱ्या कंपनीने करायचं काम काही स्वयंसेवक फावल्या वेळात करत होते, आणि त्या कामातली एक रिकामी जागा लोकांच्या सिस्टिमवर उलटली. सुसंगततेचा खर्च कुणीतरी भरतोच. तो पावतीवर छापलेला नसतो एवढंच.

आता प्रमाणपत्राकडे. जून २०२०मध्ये लेनोवोने जाहीर केलं, की थिंकस्टेशन आणि थिंकपॅड पी मालिकेतली सगळी वर्कस्टेशन्स उबुंटू आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्ससाठी प्रमाणित केली जातील. त्याच वर्षी पी१च्या दुसऱ्या पिढीवर आणि पी५३वर फेडोरा आधीच घालून द्यायची घोषणा झाली होती. डेलने हे काम आधीपासून, २०१२च्या ‘स्पुटनिक’ प्रकल्पापासून सुरू केलं होतं. याचं मोल कमी करायचं कारण नाही. २०१८पासून लेनोवोचे फर्मवेअर अपडेट एलव्हीएफएस या सामायिक व्यवस्थेतून येऊ लागले. त्याआधी बायोस अद्ययावत करायचा तर विंडोज शोधा, नाहीतर सीडीची प्रतिमा पेनड्राइव्हवर उतरवण्याचा घाट घाला. आज ते काम उबुंटूत एका बटणावर होतं. ज्याने दोन्ही काळ पाहिलेत त्याला हा फरक सांगावा लागत नाही.

तरी प्रमाणपत्र हा मजकूर आहे आणि मजकूर नीट वाचावा लागतो. कॅनॉनिकलच्या प्रमाणित यंत्रांच्या यादीत एखादं मॉडेल उघडलं की दिसतं, की ते उबुंटूच्या एका विशिष्ट आवृत्तीसाठी प्रमाणित आहे, आणि तपासलेल्या यंत्राचे भागही ठरलेले आहेत. काही यंत्रांच्या पानावर अशीही सूचना असते, की हे कारखान्यातून खास बनवलेल्या उबुंटूसह येतं, आणि सर्वसाधारण उबुंटू त्यावर नीट चालेल किंवा अजिबात चालेल याची खात्री नाही. परत वाचा. ‘उबुंटू-प्रमाणित’ यंत्रावर, संकेतस्थळावरून तुम्ही उतरवलेलं उबुंटू चालेलच असं नाही! यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. सूचना उघडपणे छापलेली आहे. पण दुकानातल्या जाहिरातीपर्यंत पोचेस्तोवर त्या वाक्याचं ‘लिनक्स चालतं’ झालेलं असतं. एका पदार्थाच्या एका ताटाला मिळालेलं शिफारसपत्र आख्ख्या खानावळीच्या दारावर लावल्यासारखं हे आहे.

प्रमाणपत्राचं आणखी एक वैशिष्ट्य असं, की त्यात ‘नाही’ क्वचितच असतं. याउलट ओपनबीएसडी नावाची ऑपरेटिंग सिस्टिम पाहा. तिच्या विकासकांमध्ये थिंकपॅड आवडीने वापरले जातात. पण बंद ड्रायव्हर आणि गुप्ततेचे करार तिला मान्य नाहीत. त्यामुळे एनव्हिडियाच्या चिपला वेगवान करणारा ड्रायव्हर तिथे नाही. २०१४मध्ये त्यांनी ब्लूटूथचा कोडही काढून टाकला, कारण तो कुणी नीट सांभाळत नव्हतं. म्हणजे आधुनिक वर्कस्टेशनचा अर्धा दागिना तिथे उतरवून ठेवावा लागतो. असं कठोर ‘नाही’ ऐकायला बरं वाटत नाही, पण त्यातून तुम्हाला नेमकी माहिती मिळते. हल्लीच्या गुळगुळीत ‘हो’मधून ती मिळत नाही.

खरा पेच याहून खाली, फर्मवेअरमध्ये आहे. लॅपटॉप सुरू होताना त्यातलं फर्मवेअर ऑपरेटिंग सिस्टिमला एसीपीआय नावाच्या व्यवस्थेतून तिचं नाव विचारतं: तू अमुक विंडोज आहेस का? यंत्र बनवणारा त्या उत्तरावरून काही गोष्टी चालू-बंद करतो. लिनक्स काय उत्तर देतं? ‘हो, मी विंडोज.’ विंडोजच्या नव्या-जुन्या अनेक आवृत्त्यांची नावं घेतली तरी त्याचं उत्तर ‘हो’च. आणि ‘तू लिनक्स आहेस का?’ असं विचारलं, तर ते मुळात ‘नाही’ असं सांगतं. हे कुणी गमतीने केलेलं नाही. ‘लिनक्स’ असं खरं नाव सांगितलं की फर्मवेअरमधल्या कधीच न तपासलेल्या वाटा उघडायच्या आणि यंत्र बिघडायचं. कारखान्यात तपासलेली वाट विंडोजची. तेव्हा त्याच वाटेने, त्याच नावाने आत शिरणं सुरक्षित. मधल्या काळात डेल, लेनोवो यांच्या काही यंत्रांसाठी कर्नलमध्ये खास नावं घालून पाहिली गेली, जसं एचडीएमआयच्या आवाजासाठी एक. पुढे तीही काढून टाकली गेली.

जगातले बहुतेक सर्व्हर जिच्यावर चालतात, ती सिस्टिम लॅपटॉपच्या उंबऱ्यावर आडनाव बदलून उभी राहते. भाड्याने घर शोधताना आडनाव सांगायला कचरणाऱ्या माणसांना हा प्रसंग अनोळखी वाटणार नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या यशाच्या गोष्टी सांगताना हा तपशील सहसा गाळला जातो. मला तर तोच सगळ्यांत बोलका वाटतो.

झोपेचा प्रश्न याच घराण्यातला. झाकण लावलं की लॅपटॉपने झोपावं ही अपेक्षा माफक आहे. जुन्या एस-थ्री झोपेत मेमरी सोडून जवळपास सगळं बंद व्हायचं. मग मायक्रोसॉफ्टने फोनसारख्या ‘मॉडर्न स्टँडबाय’चा आग्रह धरला, ज्यात यंत्र पूर्ण झोपत नाही, डुलकी घेतं. २०१८च्या एक्स१ कार्बनच्या सहाव्या पिढीत एस-थ्री गायबच होती. लोकांनी एसीपीआयचे तक्ते हाताने दुरुस्त करून ती परत मिळवली. नंतर लेनोवोने बायोसमध्ये पर्याय दिला आणि त्याची नावं ठेवली ‘विंडोज १०’ आणि ‘लिनक्स’. पुढे हा पर्याय त्यांच्या इतर थिंकपॅडमध्येही दिसला. पर्याय मिळाला याचा आनंद आहेच. पण त्या नावांकडे जरा बघा. वर्षानुवर्षं सगळ्यांची असलेली झोपेची जुनी पद्धत आता ‘लिनक्स’ या नावाखाली गेली, जणू पथ्याचं जेवण. नंतर इंटेलच्या ११व्या पिढीच्या सुमारापासून अनेक यंत्रांतून एस-थ्री पुरतीच गेली आणि तो पर्यायही गेला. आता लिनक्सलाही डुलकीच शिकावी लागली. ती शिकेपर्यंत बॅगेत तापलेले लॅपटॉप बरेच जणांनी अनुभवले.

बोटाचा ठसा हा प्रकार थोडक्यात उरकतो. २०१६-१७च्या थिंकपॅडमधल्या व्हॅलिडिटीच्या सेन्सरना लिनक्स ड्रायव्हर नव्हता, आणि सेन्सरशी होणारं बोलणं कूटबद्ध होतं. हौशी लोकांनी ते बोलणं उलगडून ड्रायव्हर लिहिला. पुढच्या पिढ्यांमध्ये सिनॅप्टिक्सने स्वतःच मुक्त प्रकल्पाला हात दिला आणि प्रश्न बराच मिटला. मोठा ग्राहक मागे लागला की पुरवठादार हलतो, हे यातून दिसतं. प्रमाणपत्रांचा खरा फायदा मला इथे वाटतो: लेनोवोसारख्या कंपनीला आपल्या सुट्या भागांच्या पुरवठादारांना ‘लिनक्सचा ड्रायव्हर द्या’ असं सांगायला कारण मिळतं.

कॅमेऱ्याची गोष्ट मात्र उलट दिशेने गेली. पूर्वी लॅपटॉपचा वेबकॅम आतून यूएसबीला जोडलेला असे आणि लिनक्सवर निमूट चालत असे. २०२२च्या सुमारास, इंटेलच्या १२व्या पिढीच्या काही महागड्या लॅपटॉपमध्ये फोनसारखा कॅमेरा आला, ज्याचं कच्चं चित्र इंटेलच्या आयपीयू६ या भागातून प्रक्रिया होऊन येतं. त्या प्रक्रियेचा महत्त्वाचा हिस्सा बंद लायब्ररीत होता, आणि ड्रायव्हर मुख्य कर्नलच्या बाहेर. स्वस्त लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल, महागड्यावर काळा चौकोन! चित्र घेण्याचा भाग मुख्य कर्नलमध्ये आला तो २०२४मध्ये, ६.१० या आवृत्तीत. चित्रावर प्रक्रिया करायचं काम लिबकॅमेरा प्रकल्पाने साध्या प्रोसेसरवर करून दाखवलं. काही कारखान्यांनी आपल्या खास उबुंटूत बंद ड्रायव्हर घालून प्रश्न आधीच ‘सोडवला’ होता. तिथे कॅमेरा चालत होता. दुसरं कुठलं लिनक्स घातलं की बंद. मग हे यंत्र लिनक्सवर चालतं असं म्हणायचं, की त्या एका प्रतिमेवर?

एनव्हिडियाकडे परत यावंच लागतं. बोट उगारल्यानंतर दहा वर्षांनी, मे २०२२मध्ये, एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला, ट्युरिंग पिढीपासूनच्या चिपसाठी. टाळ्या झाल्या, आणि व्हायलाच हव्या होत्या. पण काय खुलं झालं? चित्र काढणारा, क्युडा चालवणारा वरचा भाग बंदच राहिला. आणि खालचा बराच कारभार आधीच चिपवरच्या जीएसपी नावाच्या छोट्या प्रोसेसरमध्ये, कित्येक मेगाबाइटच्या बंद फर्मवेअरमध्ये हलवलेला होता. मधली खोली उघडली. तिजोरी आधीच तळघरात नेली होती.

यात एक गुंता आहे आणि तो सोपा करून सांगायची माझी इच्छा नाही. नुवो हा एनव्हिडियासाठी बाहेरच्या लोकांनी लिहिलेला मुक्त ड्रायव्हर. २०१४च्या मॅक्सवेल चिपच्या दुसऱ्या लाटेपासून एनव्हिडियाने आपल्या सहीशिवायचं फर्मवेअर नाकारायला सुरुवात केली. परिणाम असा, की नुवोला त्या चिपचा वेग वाढवताच येईना. महागडी चिप पहिल्या गिअरमध्ये अडकून राहायची. जीएसपीचं बंद फर्मवेअर आल्यावर नुवोने वेग वाढवायचं काम त्याच्यावर सोपवलं आणि ट्युरिंगपासूनच्या चिप मुक्त ड्रायव्हरवरही वेगाने धावू लागल्या. बंद पेटीनेच उघड्या ड्रायव्हरला वेग दिला. शुद्धतेच्या चष्म्यातून पाहणाऱ्याला हा पराभव दिसेल, आकडे पाहणाऱ्याला विजय. मला यात अवलंबित्वाची जागा बदललेली दिसते.

शुद्धतेचाही एक शिक्का आहे. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ‘रिस्पेक्ट्स युवर फ्रीडम’ नावाची मान्यता देते, ज्यात बंद बायोससुद्धा चालत नाही. २०१५मध्ये ती मिळालेल्या यंत्रांपैकी एक म्हणजे २००८चा थिंकपॅड एक्स२००, लिबरबूट घातलेला. निकष प्रामाणिक आहे आणि मला त्याचा आदर आहे. पण आज थ्रीडी मॉडेल फिरवायचं असलेल्या मुलीला तो सांगतो, की तुझ्या स्वातंत्र्याची सोय २००८पर्यंतच आहे. एका शिक्क्यात ‘नाही’ येत नाही, दुसऱ्यात जवळजवळ फक्त ‘नाही’च. आणि दोन्ही शिक्के विकत घेण्याच्या दिवसाबद्दल बोलतात. यंत्र पुढे सात-आठ वर्षं वापरलं जातं, त्या काळाबद्दल दोघेही गप्प.

यावर एक साधा प्रतिवाद होतो, आणि तो करणारे मूर्ख नसतात. ‘एवढी कटकट कशाला? विंडोज ठेव, त्यात लिनक्सची खिडकी उघड. नाहीतर मॅक घे.’ ज्याला उद्या सकाळी काम द्यायचं आहे त्याच्यासाठी हा सल्ला बरोबर आहे. पण आपल्याकडे वर्कस्टेशन वापरणारे सगळे नवी यंत्रं घेत नाहीत. लॅमिंग्टन रोड, नेहरू प्लेस, किंवा कुठल्याही मोठ्या शहरातल्या रिफर्बिश्डच्या दुकानांत कंपन्यांच्या भाडेकराराची मुदत संपलेली यंत्रं येतात. एका बऱ्यापैकी फोनच्या किमतीत ३२ जीबी मेमरीचं जुनं प्रिसिजन किंवा थिंकपॅड मिळून जातं. तोवर कंपनीचं लक्ष त्यावरून उडालेलं असतं. विंडोज ११ने जुन्या प्रोसेसरना दार बंद केलं आहे. प्रमाणपत्रावरची उबुंटूची आवृत्तीही एव्हाना म्हातारी झालेली असते. अशा यंत्राबद्दल ‘चालतं का?’ या प्रश्नाचं उत्तर प्रमाणपत्रात मिळत नाही. त्याऐवजी विचारायला हवं: अडलं तर दुरुस्त करायला कुणाच्या हातात काय आहे?

१९९१मध्ये टोरवाल्ड्सने आपल्या छोट्या सिस्टिमची पहिली घोषणा केली तेव्हाच सांगून टाकलं होतं, की ती बहुधा एटी हार्ड डिस्कशिवाय दुसऱ्या कशावर चालणार नाही, कारण त्याच्याकडे तेवढंच आहे. लिनक्सच्या सुसंगततेचं मूळ तत्त्व त्या कबुलीत आहे. ज्याच्या टेबलावर जे यंत्र, त्याने त्याचा ड्रायव्हर लिहायचा, आणि इतरांना तो वाचता येईल असा ठेवायचा. थिंकपॅड लिनक्सवर नावाजले गेले त्याचं मोठं कारण, ते पुष्कळ विकासकांच्या टेबलावर होते, हे आहे.

आणि म्हणून परत तो डब्ल्यू५२०. एकाच पेटीत २०११ सालच्या दोन चिप. एनव्हिडियाच्या क्वाड्रोला शेवटपर्यंत साथ देणारी बंद ड्रायव्हरची ३९० ही मालिका कंपनीने २०२२च्या अखेरीस थांबवली. त्यानंतरच्या कर्नलशी ती जुळवून घ्यायची जबाबदारी कंपनीची नाही, आणि तिचा बंद भाग दुसऱ्या कुणाला उघडता येत नाही. शेजारच्या इंटेलच्या एचडी ३०००कडे इंटेलचंही लक्ष राहिलं नव्हतं. पण तिच्या ड्रायव्हरचा कोड सगळ्यांसमोर होता. २०२१मध्ये, चिप दहा वर्षांची झाल्यावर, इंटेलच्या बाहेरच्या विकासकांनी त्या पिढ्यांसाठी क्रोकस नावाचा नवा ड्रायव्हर लिहिला आणि तो मेसाच्या २१.२ आवृत्तीत दाखल झाला. आजचं कुठलंही नवं लिनक्स त्या यंत्रावर घातलं की आतला पडदा उजळतो.

बाहेरच्या मॉनिटरच्या तारा अजून एनव्हिडियाच्याच चिपमधून जातात. तिथे आता नुवो बसलेला असतो, पहिल्या गिअरमध्ये. गेम खेळता येत नाहीत, जड मॉडेल फिरत नाही. प्रोजेक्टर लागतो.